कव्हरवर एकाचं नाव, आत दुसऱ्याचं इंजिन: दुकानी ब्रँडच्या चेनसॉबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत नव्या घराच्या आवारात पडलेली झाडं कापायला गॅरेज सेलमधून जुना क्राफ्ट्समन चेनसॉ घेतला (क्राफ्ट्समन हा सिअर्स या अमेरिकन दुकान-कंपनीचा ब्रँड). कव्हरवर ‘३.७’ असं लिहिलंय आणि प्लेटवरचा मॉडेल नंबर ३५८ पासून सुरू होतो. विकणारा म्हणाला, “नाव सिअर्सचं असलं तरी आत हस्कवार्ना आहे.” हे खरं का? सुटे भाग मिळतील का? की यावर पैसे घालण्यापेक्षा दुकानातून नवा घ्यावा?

आत हस्कवार्ना (स्वीडनची नावाजलेली चेनसॉ कंपनी) नाही, पोलन आहे. आणि ही वाईट बातमी नाही, कारण पोलनच्या त्या काळातल्या मशीनांपैकी हे एक भक्कम मशीन. विकणारा खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही. त्याने कुठेतरी ऐकलेलं अर्धवट पुढे सरकवलं. पोलन ही लुइझियाना राज्यातल्या श्रीवपोर्टची कंपनी. क्लॉड पोलन यांनी ती १९४० च्या दशकात उभी केली. पुढे ती बेअर्ड-पोलन झाली, मग एमर्सन इलेक्ट्रिककडे गेली आणि १९८० च्या दशकात स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ती घेतली. इलेक्ट्रोलक्सकडे १९७८ पासून हस्कवार्ना होतीच. २००६ मध्ये हस्कवार्ना वेगळी कंपनी म्हणून बाहेर पडली तेव्हा पोलनही तिच्याबरोबर गेली. एवढ्या धाग्यावरून लोकांनी पोलनचा मागचा-पुढचा सगळा माल हस्कवार्नाच्या खात्यावर टाकला. तुमचं मशीन कारखान्यातून निघालं तेव्हा बहुधा या दोन कंपन्यांचा एकमेकींशी काही संबंधच आलेला नव्हता.

संबंध आल्यानंतरचं मशीन असतं तरी माझं उत्तर फारसं बदललं नसतं. मालक एक झाला म्हणून डिझाइन एक होत नाही. इलेक्ट्रोलक्सच्या काळात पोलनचा ४२ सीसीचा ‘वाइल्ड थिंग’ निघत होता, जांभळ्या-हिरव्या रंगाचा. त्याच घडणीचे चेनसॉ क्राफ्ट्समनच्या नावानेही विकले गेले. त्याचं इंजिन ‘क्लॅमशेल’ पद्धतीचं, म्हणजे सिलिंडरचा खालचा भाग आणि एक झाकण यांच्यामध्ये क्रँकशाफ्टचे बेअरिंग दाबून बसवायचे आणि ते सगळं प्लॅस्टिकच्या बॉडीत ठेवायचं. त्याच वर्षांतल्या हस्कवार्नाच्या शेतकरी-लाकूडतोड्यांसाठीच्या मॉडेलशी त्याचा एक स्क्रूही जुळायचा नाही. ‘क्राफ्ट्समन म्हणजे स्वस्तात हस्कवार्ना’ हे वाक्य कोणी ऐकवलं तर दोन्ही मशीनांची बारची (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) कव्हरं काढून शेजारी ठेवा, वाद तिथेच मिटतो.

आता त्या ३५८ बद्दल, कारण तुमच्या मशीनवरची सगळ्यात कामाची खूण तीच आहे. सिअर्स रोबक कंपनी कॅटलॉगमधून घराच्या खिळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं विकायची, पण बनवायची फार थोडं. माल वेगवेगळ्या कारखान्यांकडून यायचा आणि त्यावर सिअर्सची नावं चढायची: हत्यारांवर क्राफ्ट्समन, घरातल्या मोठ्या उपकरणांवर केनमोर. मग भाग मागवायचे कोणाकडून, तक्रार कोणाच्या गळ्यात घालायची, याचा हिशेब ठेवायला सिअर्सने मॉडेल नंबरच्या सुरुवातीला तीन आकडी संकेत ठेवला. तीन आकडे, मग टिंब, मग पुढचा नंबर. टिंबाच्या आधीचे तीन आकडे म्हणजे कारखाना. ११० म्हणजे व्हर्लपूल, ११३ म्हणजे एमर्सन, १४३ म्हणजे टेकुम्सेचं इंजिन, २४७ म्हणजे एमटीडी, आणि ३५८ म्हणजे पोलन. चेनसॉमध्ये ३५८ च्या खालोखाल भेटतो तो ९१७.

या ९१७ ची गोष्ट मला आवडते, कारण तिच्यात हा सगळा धंदा दिसतो. इलिनॉय राज्यातल्या ब्रॅडली गावात डेव्हिड ब्रॅडली नावाचा नांगर बनवणारा कारखाना होता. तो सिअर्सने १९१० मध्ये विकत घेतला. १९५० च्या दशकात डेव्हिड ब्रॅडली याच नावाने सिअर्सने चेनसॉ विकले. म्हणजे इथे दुकानाच्या स्वतःच्या मालकीचा कारखाना होता. तरी इंजिन कोणाचं? पॉवर प्रॉडक्ट्स या विस्कॉन्सिनच्या कंपनीचं, जी पुढे टेकुम्सेने घेतली. स्वतःच्या कारखान्यातल्या मशीनचं काळीजसुद्धा बाहेरून आलेलं! १९६० च्या दशकात तो कारखाना रोपर कंपनीकडे गेला. संकेत मात्र ९१७ च राहिला, आणि क्राफ्ट्समनच्या नावाने रोपरचे चेनसॉ आले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोपरचा बागकामाच्या यंत्रांचा धंदा इलेक्ट्रोलक्सकडे गेला, त्याचं नाव अमेरिकन यार्ड प्रॉडक्ट्स झालं, आणि १९९० च्या दशकातल्या क्राफ्ट्समनच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरवरही ९१७ च छापलेलं सापडतं. यातून घ्यायचं एवढंच की संकेत कारखान्याला चिकटतो, त्याच्या मालकाला नाही. ३५८ बेअर्ड-पोलनच्या काळातही ३५८ होता आणि इलेक्ट्रोलक्सच्या काळातही. म्हणून ३५८ पाहून ‘पोलन’ म्हणता येतं. त्या दिवशी पोलन कोणाच्या खिशात होती ते नुसत्या त्या आकड्यांवरून कळत नाही.

कव्हरवरच्या ठळक आकड्याला मात्र एवढा मान देऊ नका. ३.७ म्हणजे ३.७ घन इंच, सुमारे ६१ सीसी. ते इंजिनाचं माप आहे, नाव नव्हे. तेवढ्या मापाची इंजिनं अनेकांनी बनवली. नुसतं ‘क्राफ्ट्समन ३.७’ असं शोधून ऑनलाइन गॅस्केट मागवणारे लोक नंतर हातात न बसणारं गॅस्केट घेऊन येतात. ३५८ आणि पुढचे सगळे आकडे लिहा. पोलनने सिअर्ससाठी बनवलेल्या पेट्रोलवरच्या चेनसॉचे टिंबानंतरचे आकडे बहुधा ३५ ने सुरू होतात, आणि त्यापुढचा एखादा आकडा बदलला तरी आतला कार्ब्युरेटर बदललेला असू शकतो. पोलनच्या स्वतःच्या यादीत तुमच्या मशीनचा सख्खा भाऊ म्हणजे ३७००. ३४०० आणि ४००० ही त्याच घराण्यातली, अनुक्रमे सुमारे ५६ आणि ६५ सीसीची. क्राफ्ट्समनमध्ये तीच ३.४ आणि ४.० झाली. ही तिन्ही मॅग्नेशियमच्या बॉडीची, दुरुस्त करण्यासाठी बनवलेली मशीनं. वाइल्ड थिंगच्या आधीची पिढी.

दुकानाने कारखान्याला कंत्राट दिलं की नेमकं काय बदलतं, यावर खूप समज-गैरसमज आहेत. एक टोक म्हणतं की नुसता स्टिकर वेगळा. दुसरं म्हणतं की दुकानासाठी बनवताना कारखाना हलका माल वापरतो. मी दोन्ही प्रकारची मशीनं उघडून पाहिली आहेत. माझा अनुभव असा की साचा महाग असतो, त्यामुळे ओतीव भाग सहसा एकच राहतात: क्रँककेस, सिलिंडर, फ्लायव्हील. बदलतं ते बोल्टने बसवलेलं. बारची लांबी, चेनचा प्रकार, मफलर, हँडलमधले कंपन शोषणारे रबर, ऑइल पंप आपोआप की बोटाने दाबायचा, चेन ब्रेक आहे की नाही. दुकान कारखान्याला सांगतं, अमुक किमतीला कॅटलॉगमध्ये बसलं पाहिजे. मग कारखाना यादीतून एकेक गोष्ट खाली उतरवतो. कधी उलटंही होतं: दुकानाला जाहिरातीत ‘१८ इंच’ लिहायचं असतं म्हणून १६ इंचाला शोभणाऱ्या इंजिनावर १८ इंचाचा बार चढतो. मशीन तेच, पण ओकच्या बुंध्यात घातल्यावर दमतं, आणि दोष मिळतो बिचाऱ्या इंजिनाला. असा चेनसॉ तुमच्याकडे आला तर दोन इंच लहान बार लावा, दुसरं मशीन घेतल्यासारखं वाटेल.

कारखाना हे का करतो? कारण साचे, लेथ आणि माणसं बसून राहिली तर खर्च चालूच असतो. आणि स्वतःच्या नावाने दुकानात उतरलं तर गावोगावचे डीलर चिडतात. दुसऱ्याच्या नावाने उतरलं तर माल खपतो आणि डीलरला सांगता येतं की ते आमचं नव्हे. दुकानाला स्वतःचं नाव मिळतं, ज्याची किंमत दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहता येत नाही, आणि दोन वर्षांनी कारखाना बदलला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. सगळी मेख या शेवटच्या मुद्द्यात आहे. क्राफ्ट्समन हे नाव सलग दिसतं, पण त्यामागचा कारखाना सलग नाही. ‘क्राफ्ट्समन चेनसॉ चांगले की वाईट’ या प्रश्नाला म्हणूनच मी उत्तर देत नाही. कोणत्या संकेताचा आणि कोणत्या पिढीचा, ते सांगा. जाता जाता, क्राफ्ट्समनची ती प्रसिद्ध आजीवन हमी पाने-हातोड्यांची होती, इंजिनावर चालणाऱ्या मशीनांची नव्हे. जुना चेनसॉ घेऊन कोणी बदलून मागायला जाऊ नये.

सिअर्सने निदान संकेत तरी छापला. जॉन डीअरच्या हिरव्या-पिवळ्या चेनसॉवर असा काही संकेत नाही, आणि तिथे गोंधळ जास्त. डीअर ट्रॅक्टर स्वतः बनवते, चेनसॉ मात्र बाहेरून घेत आली. सुरुवातीचे रेमिंग्टनचे. पुढची, ५५एसव्ही वगैरे नावांची मालिका जपानच्या इकोची. त्यानंतरची सीएस-४६, सीएस-६२, सीएस-८१ अशी मालिका इटलीतल्या एमाक कंपनीच्या एफ्कोची. रंग एकच, बोधचिन्हातलं हरीण तेच, आणि आत तीन देशांचे तीन कारखाने. डीअर १९९४ मध्ये टेक्सट्रॉनकडून होमलाइट ही नावाजलेली चेनसॉ कंपनीच घेऊन बसली आणि २००१ मध्ये हाँगकाँगच्या टीटीआयला विकून मोकळी झाली. डीअरच्या भागांचे क्रमांकही डीअरच्या स्वतःच्या पद्धतीचे असल्यामुळे त्यावरून मूळ कारखाना कळत नाही. अशा वेळी मी मॉडेलच्या नावाने मूळ कंपनीचा जोडीदार शोधतो, दोघांची स्फोटचित्रं, म्हणजे सगळे भाग सुटे करून दाखवणारे नकाशे, समोरासमोर ठेवतो आणि मफलर व क्लच कव्हरचा आकार ताडतो. इकोचे जुने भाग मिळवायला त्रास होतो. एफ्कोचे बऱ्यापैकी मिळतात, पण एफ्कोच्या नावाने मागितले तर.

तुमच्या बाबतीत ही उठाठेव नको. सिअर्सच्या पोलन-मशीनांच्या नकाशात बहुतेक भागांना पोलनचेच क्रमांक आहेत, ५३० ने सुरू होणारे. म्हणजे सिअर्सची बहुतेक सगळी दुकानं बंद झाली याने तुमचं फार बिघडलं नाही. ५३० चा क्रमांक घ्या आणि तो पोलन, वीड ईटर, हस्कवार्ना अशा कोणत्याही नावाखाली शोधा. इतक्या जुन्या मशीनचं स्टार्टर कव्हर नवं मिळणार नाही, ते जुन्या मशीनमधूनच काढून घ्यावं लागेल. पण जे खरोखर झिजतं आणि कुजतं ते सगळं मिळतं.

ते मिळतं याचं कारण असं की चेनसॉ बनवणारा कारखानासुद्धा सगळं बनवत नाही. कार्ब्युरेटर वॉलब्रो, झामा किंवा टिलॉटसनचा असतो. बार आणि चेन बहुतेक वेळा ऑरिगॉन कंपनीची. (ऑरिगॉनची सुरुवात १९४७ ची, पोर्टलंड शहरातली. जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून चेनच्या दाताचा आकार ठरवला. आजचा दात त्याच घराण्यातला आहे.) प्लग चॅम्पियनचा किंवा एनजीकेचा. त्यामुळे मशीन कोणी बनवलं हे कळलं नाही तरी भाग कोणी बनवला हे त्या भागावरच कोरलेलं असतं. एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या अंगावर पाहा. वॉलब्रो असेल तर ‘डब्ल्यूटी’ किंवा ‘एचडी’ अशा अक्षरांनी सुरू होणारा नंबर असेल, झामा असेल तर ‘सी१’, टिलॉटसन असेल तर ‘एचएस’ किंवा ‘एचएल’. डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा) आणि गॅस्केटचा किट त्या नंबरावर मागवायचा, क्राफ्ट्समनच्या नावावर नाही. गावठी दुरुस्तीत कोणीतरी मधल्या काळात कार्ब्युरेटर बदलला असेल तर कॅटलॉग तुम्हाला चुकीचा किट देईल, अंगावरचा नंबर देणार नाही.

बारचंही तसंच. बारच्या मागच्या टोकाला भोक आणि खाच कशी आहे याला ऑरिगॉनने संकेत दिले आहेत. घरगुती मशीनांत ‘ए०४१’ सगळीकडे सापडतो: पोलन, क्राफ्ट्समन, होमलाइट, मॅककलक, लहान इको, सगळ्यांच्या लहान मॉडेलांत. म्हणून एकाचा बार दुसऱ्याला बसतो आणि लोक म्हणतात, “बघा, सगळे एकच कारखाना बनवतो.” तसं नाही, खाचेचं माप एक आहे एवढंच. तुमचं ६१ सीसीचं मशीन या लहान गटातलं नाही, तेव्हा त्यावर काय बसलंय ते बघूनच मागवा. आणि चेनच्या बाबतीत एक फसवी जागा आहे. ‘३/८ इंच’ पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर) दोन प्रकारची असते, साधी आणि लो-प्रोफाइल. दोन्हींना नाव ३/८ चंच, पण लो-प्रोफाइलचं खरं अंतर किंचित कमी आहे. मोठ्या मशीनच्या साध्या ३/८ स्प्रॉकेटवर (चेन फिरवणारं दातेरी चाक) लो-प्रोफाइल चेन चढवली तर सुरुवातीला फिरते, मग घाबरवणारा आवाज करते आणि स्प्रॉकेट खाऊन टाकते.

आता पैसे घालावेत की नाही. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी मफलरचे बोल्ट काढा आणि आतल्या छिद्रातून पिस्टन पाहा. गुळगुळीत असेल, जुन्या मशीनच्या बारीक रेषा तेवढ्या दिसत असतील, तर पुढे चला. उभ्या जाड ओरखड्यांनी खरवडलेला असेल तर बहुधा कोणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल घातलेलं आहे. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून क्रोमचा मुलामा दिलेला, तो मोटरसायकलच्या लोखंडी सिलिंडरसारखा बोअर करून वाढवता येत नाही. मग भागांसाठी दुसरं मशीन शोधा नाहीतर सोडून द्या. कॉम्प्रेशन गेज असेल तर १२० पीएसआयच्या वर मी निश्चिंत असतो, ९० च्या खाली खर्च करत नाही. गेज नसेल तर दोरीच्या हँडलने मशीन उचलून धरा. दोरी थांबत-थांबत, धक्क्याधक्क्याने सुटली पाहिजे. सरळ घसरली तर आत दम नाही.

दम असेल तर क्रम असा ठेवा. आधी प्लगची ठिणगी (पोलनवर गॅप ०.०२५ इंच). मग टाकीतली पेट्रोलची नळी आणि तिच्या टोकाचा फिल्टर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी टाकीच्या भोकापाशी मऊ पडून चिरतात. मशीन थंड असताना एकदा पेटतं, रेस दिली की मरतं, असं होत असेल तर दहातल्या बऱ्याच वेळा दोष तिथेच असतो आणि लोक मात्र कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतात. नळी बदलल्यावरही तेच होत असेल तर कार्ब्युरेटर उघडा, डायफ्रॅम बोटाने दाबून पाहा. कडक झाला असेल तर किट घाला. तुमच्या पिढीच्या मशीनचे स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरतात. एक्झॉस्टच्या धुराचे नियम कडक झाल्यानंतरच्या मशीनांत तेच स्क्रू खास टोकाच्या हत्याराशिवाय फिरत नाहीत, आणि पोलनचं टोक एक, दुसऱ्यांचं वेगळं.

ऑइलबद्दल: त्या काळच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर १६:१ असं प्रमाण लिहिलेलं सापडेल. ते तेव्हाच्या तेलांसाठी होतं. आजचं चांगलं टू-स्ट्रोक तेल वापरून मी या मशीनांना ४०:१ देतो, म्हणजे एका लिटरला २५ मिलिलिटर किंवा अमेरिकन गॅलनला ३.२ औंस. प्रमाण बदललं की कार्ब्युरेटरचं सेटिंगही पुन्हा बघायचं. तेल कमी झालं म्हणजे त्याच छिद्रातून पेट्रोल जास्त जातं.

दुकानातला नवा घ्यायचा असेल तर आज खेळ बदललेला आहे. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने सिअर्सकडून विकत घेतलं, सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतरचे पेट्रोलवरचे क्राफ्ट्समन चेनसॉ एमटीडीकडून आले, आणि एमटीडीही २०२१ च्या अखेरीस स्टॅनलीने पूर्ण ताब्यात घेतली. म्हणजे पोलनशी नातं तुटलं, जुने तीन आकडी संकेतही गेले. ते गेले तरी एक खूण उरली आहे, जिच्याकडे कोणी पाहत नाही: ईपीए या अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचं उत्सर्जनाचं लेबल. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या मशीनवर ते असतं, आणि त्यात ‘इंजिन फॅमिली’ म्हणून अक्षर-आकड्यांची एक ओळ असते. तिचं पहिलं अक्षर किंवा आकडा मॉडेलचं वर्ष सांगतो, पुढची तीन अक्षरं इंजिनाचं प्रमाणपत्र घेणाऱ्या कंपनीचा संकेत, आणि मधला आकडा इंजिनाचं माप. कव्हरवर दुकानाने काहीही छापू दे, सरकारी कागदावर इंजिनाची जबाबदारी कोणाची ते इथे लिहावंच लागतं. दुकानात उभं राहून चष्मा लावून ही ओळ वाचा आणि ती तीन अक्षरं घरी शोधा.

बॅटरीवर चालणाऱ्या चेनसॉमध्ये कारखाना ओळखण्याचं महत्त्व आणखी वाढतं. वॉलमार्टचा हार्ट आणि होम डेपोत मिळणारा रायोबी या दोन्हींच्या मागे टीटीआय आहे. लोज या दुकानाच्या कोबाल्ट या नावाखाली आलेली ८० व्होल्टची मशीनं ग्रीनवर्क्सवाल्यांची. पण एकाच कारखान्याच्या दोन ब्रँडच्या बॅटऱ्या मुद्दाम एकमेकांत बसू देत नाहीत. आत सेल तेच असले तरी प्लॅस्टिकची एक खाच वेगळी ठेवतात. पेट्रोलच्या मशीनमध्ये कंत्राट तुटलं तरी कार्ब्युरेटरचा किट मिळत राहतो. बॅटरीच्या मशीनमध्ये कंत्राट तुटलं की काही वर्षांनी हातात चांगली मोटर राहते आणि तिला चालवायला काही नसतं. म्हणून दुकानी ब्रँडचा बॅटरी चेनसॉ घेताना मी मोटर पाहत नाही. त्याच बॅटरीवर ते दुकान आणखी किती प्रकारची मशीनं विकतंय ते पाहतो. भरपूर असतील तर ती बॅटरी इतक्यात बंद होणार नाही.

इंटरनेटवर अनोळखी नावांनी मिळणारे ५२ आणि ५८ सीसीचे स्वस्त चीनी चेनसॉ हा वेगळा प्रकार. ते बरेचसे जपानच्या झेनोआच्या एका जुन्या मॉडेलची नक्कल आहेत. नावं शेकडो, भाग जवळजवळ सगळे अदलाबदल होणारे. इंजिन कामचलाऊ असतं, पण बार, चेन आणि चेन ब्रेक यांच्यावर माझा विश्वास नाही. कोणी घेतलाच तर बार आणि चेन पहिल्या दिवशी बदला आणि ब्रेक दर वेळी तपासा.

यावरून तुमच्या ३.७ चं एक राहिलं. त्या पिढीतल्या बऱ्याच मशीनांना चेन ब्रेक नाही. पुढच्या हँडलसमोरचं ते प्लॅस्टिकचं संरक्षक कवच ढकलून पाहा: पुढे जाऊन ‘खट्’ करून चेन अडवत असेल तर ब्रेक आहे, नुसतं जागच्या जागी घट्ट असेल तर तो फक्त हाताचा बचाव. ब्रेक नसेल तर पडलेल्या खोडाचे तुकडे करायला मशीन वापरा, पण बारचं टोक कुठे खुपसायचं असेल, खांद्याच्या वर काही कापायचं असेल किंवा ताण पडलेल्या फांद्या असतील तर हे मशीन बाजूला ठेवा आणि ब्रेकवालं घ्या. लो-किकबॅक चेनने (किकबॅक म्हणजे बार उसळून अंगावर येण्याचा झटका) धोका कमी होतो, जात नाही. आणि ६१ सीसीच्या इंजिनाचा झटका लहान मशीनसारखा मनगटाने थोपवता येत नाही.

नवी चेन मागवताना ‘१८ इंचाची’ असं सांगू नका. जुन्या चेनचे बारच्या खाचेत जाणारे दात मोजा, पिच आणि जाडी बारवर कोरलेली आहे का पाहा. ती झिजून गेली असेल तर तीन ओळीने येणाऱ्या रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं करा, ती पिच. प्लेटवरचा टिंबासकट पूर्ण नंबर, कार्ब्युरेटरच्या अंगावरचे आकडे आणि मफलर काढून घेतलेला पिस्टनचा फोटो एवढं पाठवलंत तर कोणता किट घ्यायचा ते सांगतो.